छोट्या विमानावरचा मोठा कर

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून २०२० मध्ये एका सहा आसनी विमानाने चाचणी उड्डाणे केली. कॅप्टन अमोल यादव यांनी ते मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमधील एका इमारतीच्या गच्चीवर बांधले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते देशाने पाहिले. त्याची नोंदणी होण्यास मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या प्रयोगाची कथा आपण अभिमानाने सांगतो. तिच्या पुराव्याचा वाद इतिहासकारांवर सोपवू. परंतु डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या विमानाला कागदासाठी पावणेदोन वर्षे तिष्ठत ठेवणारी आपली व्यवस्था खाजगी छोट्या विमानाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे तिच्या करपत्रकातही स्वच्छ वाचता येते.

३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची ५६ वी बैठक झाली. वैयक्तिक वापराच्या विमानावरील कर तीत ४० टक्के करण्यात आला व २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. त्यापूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के भरपाई उपकर, असा एकूण ३१ टक्के भार होता. याउलट विमान वैयक्तिक वापराचे नसेल, तर त्यावर केवळ ५ टक्के कर आहे. एक कोटी रुपयांचे विमान धरले, तर एकाला पाच लाख आणि दुसऱ्याला चाळीस लाख. विमान तेच, इंजिन तेच. फरक केवळ घेणाऱ्याने आपला हेतू काय सांगितला याचा. पूर्वीच्या राज्य विक्रीकराची आणि नंतरच्या मूल्यवर्धित कराची जागा आता याच कराने घेतली असून, त्यातील निम्मा वाटा राज्याच्या तिजोरीत जमा होतो. तेव्हा हा केवळ दिल्लीचा प्रश्न आहे असे म्हणून मुंबईला हात झटकता येणार नाहीत.

श्रीमंताच्या चैनीवर जबर कर असावा, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. त्याच बैठकीत ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला त्याचे मोल सांगायला नको. प्रश्न असा आहे, की या ४० टक्क्यांत नेमके सापडते कोण?

बडा उद्योगसमूह सापडत नाही. तो भाड्याने विमाने चालवणारी कंपनी काढतो, अनियमित वाहतुकीचा परवाना मिळवतो आणि त्याच विमानातून आपलेच संचालक फिरवतो. ही युक्ती नवी नाही. २००७ मध्ये खाजगी विमानांच्या आयातीवर शुल्क बसले, तेव्हा अनियमित प्रवासी वाहतुकीसाठी आणलेल्या विमानांना सूट होती. ही विमाने प्रत्यक्षात मालकांच्याच सेवेत आहेत, असा आक्षेप घेऊन सीमाशुल्क खात्याने अनेकांना नोटिसा बजावल्या. वाद वर्षानुवर्षे रेंगाळला आणि २०२२ मध्ये सीमाशुल्क अपील न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने आयातदारांच्या बाजूने कौल दिला. निकाल कायद्याला धरून असेलही. पण ‘वापर’ या शब्दावर उभारलेला कर ज्याच्या पदरी निष्णात सल्लागार आहेत त्याला अडवू शकत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

सापडतो तो स्वतः वैमानिक असलेला, स्वतःच्या मिळकतीतून दोन किंवा चार आसनांचे, बहुधा जुने विमान घेऊ पाहणारा माणूस. त्याला आपण उडण्यासाठीच विमान घेत आहोत हे प्रामाणिकपणे लिहावे लागते, आणि तसे लिहिले की चाळीस टक्के! खरे बोलण्यावरच बसलेला हा कर आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

सरकारला हा पेच कळत नाही असेही नाही. त्याच बैठकीत ड्रोनवरील कर, वापर वैयक्तिक असो वा व्यावसायिक, सरसकट ५ टक्के करण्यात आला. विमानाच्या सुट्या भागांच्या आयातीवरही जुलै २०२४ पासून, काही अटींसह, सरसकट ५ टक्के आहेत. म्हणजे भागांना पाच, मानवरहित यंत्राला पाच. माणूस आत बसून स्वतः उडवू लागला की चाळीस!

खानदेशाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. शिरपूरला वैमानिक प्रशिक्षणाची अकादमी आहे. धुळ्याच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने उडतात. जळगावच्या विमानतळावर प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यात आल्या. तापीकाठच्या या दोन जिल्ह्यांएवढी वैमानिक घडवण्याची सोय महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर कर नाही, हा खुलासा परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये केला, तो स्वागतार्हच. पण शिकून परवाना घेतलेला तरुण पुढे काय करतो? मोठ्या कंपनीत नोकरी मिळेपर्यंत उड्डाणाचे तास वाढवण्यासाठी त्याला विमान हवे असते. चौघांनी मिळून एखादे जुने विमान घ्यावे म्हटले, तर पुन्हा तेच चाळीस टक्के आडवे येतात.

आणि धावपट्ट्यांचे काय? जळगावहून २३ डिसेंबर २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली मुंबईची विमानसेवा सुरू झाली, ती लवकरच थंडावली. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तीही टिकली नाही. २०२४ मध्ये पुन्हा सेवा सुरू झाल्या. त्या टिकाव्यात हीच इच्छा. पण दिवसाकाठी दोन-चार फेऱ्यांवर विमानतळाभोवती दुरुस्तीची कार्यशाळा, यंत्रज्ञ, सुटे भाग असा संसार उभा राहत नाही. तो छोट्या विमानांच्या नित्य वर्दळीने उभा राहतो. ‘उडान’साठी इंधनावरील राज्याचा कर एक टक्क्यापर्यंत खाली आणताना शासनाने हाच दूरचा लाभ पाहिला होता ना?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. छोटी विमाने बहुतांशी परदेशी. कर उतरवला तर परकीय चलन बाहेर जाईल आणि स्वदेशीला धक्का बसेल. पण बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने घडवलेल्या ‘हंसा’कडे पाहा. १९९३ मध्ये ते प्रथम उडाले, त्याची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आकाशात झेपावली. हे स्वदेशी विमान एखाद्या नागरिकाने स्वतःसाठी घ्यायचे ठरवले, तर त्यालाही अमेरिकी सेसनाइतकाच, चाळीस टक्के कर! ज्या विमानाला देशातच ग्राहक मिळू द्यायचा नाही, ते कारखान्यात संख्येने कसे तयार होणार? कौटिल्याने शुल्काध्यक्षाला सांगितले आहे, की राष्ट्राला पीडा देणारा माल रोखावा, मात्र अत्यंत उपकारक वस्तू आणि दुर्मीळ बीज शुल्काविना येऊ द्यावे. आज आपल्याकडे छोटे विमान हे असेच दुर्मीळ बीज आहे.

उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात विमानाच्या रिकाम्या वजनाची २,००० किलोंची रेषा पूर्वीपासूनच आखलेली आहे. प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे चार आसनी सेसना-१७२ त्या रेषेच्या पुष्कळच खाली राहते. उद्योगपतींची जेट विमाने तिच्या कितीतरी वर असतात. रेषेखालील विमानाला, हेतू न विचारता, ५ टक्के लावावेत. वरच्या खाजगी विमानांवर ४० टक्के खुशाल राहू द्यावेत आणि भाड्याच्या नावाखाली मालकांनाच मिरवणाऱ्यांची उड्डाणनोंद काटेकोर तपासावी. वजनकाट्यापुढे सल्लागाराची हुशारी चालत नाही. परिषदेत महाराष्ट्राचा प्रतिनिधी बसतो. हा प्रस्ताव त्याच्या हाती देण्याचे काम खानदेशच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या बैठकीपूर्वी करावे.