दहा हजार रेघा आणि एक विंचू

चीनमध्ये एक जुना विनोद सांगतात. मिंगकालीन एका संग्रहात तो आढळतो. एका धनिकाने मुलाला अक्षरओळख व्हावी म्हणून घरी गुरुजी ठेवले. गुरुजींनी एक आडवी रेघ ओढली आणि सांगितले, हा एक. दोन रेघा ओढल्या, हा दोन. तीन ओढल्या, हा तीन. चिरंजीवांनी कुंचला भिरकावला आणि वडिलांना जाऊन सांगितले की विद्या संपादन झाली, आता गुरुजींचा खर्च कशाला? गुरुजींना नारळ मिळाला. पुढे वडिलांनी ‘वान’ आडनावाच्या एका स्नेह्याला निमंत्रण लिहायला सांगितले. ‘वान’ म्हणजे दहा हजार. बराच वेळ झाला तरी चिठ्ठी येईना, म्हणून वडील पाहायला गेले. मुलगा वैतागून म्हणाला, जगात एवढी आडनावे असताना या गृहस्थांनी नेमके हेच का घ्यावे? सकाळपासून जेमतेम पाचशे रेघा झाल्यात!

हा मुलगा आम्हांला दरवर्षी उत्तरपत्रिकांत भेटतो. प्रतिमावादावर प्रश्न आला की ठरलेले वाक्य येते: चिनी ही चित्रलिपी आहे, तिच्यात शब्दाऐवजी वस्तूच वाचकापुढे उभी राहते, म्हणून चिनी कविता मुळातच प्रतिमांची कविता आहे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ते वाक्य मार्गदर्शक पुस्तिकांत आहे, आमच्या सहकाऱ्यांच्या टिपणांत आहे आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याही व्याख्यानांत होते. फळ्यावर एक, दोन, तीन रेघा ओढून आम्हीही ‘पाहा, किती सोपे!’ असे म्हटले आहे. तीनवर थांबण्याचे शहाणपण तेवढे आमच्याजवळ होते.

हे वाक्य येते कुठून? अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या निबंधातून, जो त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, एझरा पाउंड यांनी संपादून प्रसिद्ध केला. फेनोलोसांनी चिनी कविता अभ्यासली ती जपानमध्ये, जपानी गुरूंकडून, जपानी उच्चारांत. ‘पूर्व’ या अर्थाच्या चिन्हात त्यांना झाडाच्या फांद्यांत अडकलेला सूर्य दिसला. प्राचीन अस्थिलेखांत तेच चिन्ह दोन्ही टोकांना बांधलेल्या गाठोड्यासारखे दिसते, आणि दिशेसाठी ते केवळ उच्चारसाम्यामुळे उसने घेतले गेले, असे अभ्यासक मानतात. पाउंड मोठे कवी होते आणि त्या निबंधाने इंग्रजी कवितेचे भलेच केले. पण म्हणून तो चिनी लिपीचे वर्णन ठरत नाही. आम्ही मराठीचे अध्यापक चीनकडे पाहतो ते एका अमेरिकनाने दुसऱ्या अमेरिकनाची टिपणे वाचून लावलेल्या खिडकीतून, आणि वर त्याला पौर्वात्य काव्यदृष्टी म्हणतो!

आता त्या ‘वान’कडेच वळू. अस्थिलेखांत, म्हणजे इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात, हे चिन्ह स्पष्टपणे विंचवाचे चित्र आहे: वर दोन नांग्या, खाली वळलेली शेपटी. इ.स. १००च्या सुमारास शू शेन यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात त्याचा अर्थ ‘कीटक’ असाच दिला; संख्येचा उल्लेखही केला नाही. मग विंचवाचा दहा हजारांशी संबंध काय? काहीही नाही. विंचवासाठीचा शब्द आणि दहा हजारांसाठीचा शब्द कानाला जवळचे होते, एवढाच. दहा हजारांचे चित्र काढता येत नाही (त्या मुलाने प्रयत्न करून पाहिला होता), म्हणून विंचू उसना घेतला. आपण हाताचे चित्र काढावे आणि आयकरातला ‘कर’ वाचावा, तशी ही युक्ती. विंचवांना पिल्ले फार म्हणून दहा हजार, असे स्पष्टीकरण हौशी मंडळी देतात. ते ऐकायला गोड आहे. पण त्यात चित्रलिपीचे गृहीतक वाचवण्याची धडपड तेवढी दिसते. पुढे तर विंचवाची स्वतःच्याच चिन्हावरची मालकी गेली. विंचू लिहायचा झाला तर त्याच चिन्हाखाली ‘कीटक’ जोडून वेगळे अक्षर करावे लागले.

म्हणजे चित्र होते. नाही असे आमचे म्हणणे नाही. पण ते लिपी झाले ते कानाच्या वाटेने. आजच्या चिनी अक्षरांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक अक्षरांत एक भाग अर्थाचा आणि एक भाग उच्चाराचा असतो. मुख्य भूमीवर आणि जपानमध्ये आज ‘वान’ लिहितात ते तीन फटकाऱ्यांचे सुटसुटीत रूप, तेही विसाव्या शतकाचा शोध नव्हे, जुनेच. त्यात विंचू शोधून दाखवावा.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. ही लिपी ध्वनीला बांधलेली असेल तर ती चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम अशी परस्परांहून भिन्न भाषांत कशी चालली? १९०५ साली व्हिएतनामी देशभक्त फान बोई चाऊ आणि चिनी विचारवंत लिआंग छिचाओ जपानमध्ये भेटले, तेव्हा एकमेकांची बोली येत नसताना कागदावर लिहून बोलले. खरे आहे. पण ते दोघे चित्रे पाहून बोलत नव्हते. दोघांनीही बालपणापासून एकच ग्रंथभाषा, अभिजात चिनी, घोकली होती. काशीला गेलेला पैठणचा शास्त्री द्रविड पंडिताशी संस्कृतात वाद घाली, त्याला कुणी चित्रांची किमया म्हटले नाही.

आणि या देशांनी त्या चिन्हाचे केले काय? प्रत्येकाने त्याला आपल्या तोंडात घोळवले. जपानीत त्याचे ‘मान’ आणि ‘बान’ असे दोन उसने उच्चार, शिवाय ‘योरोझु’ हा खास देशी शब्द. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहाच्या नावात हेच चिन्ह आरंभी आहे, आणि गंमत अशी की चिनी अक्षरांचा अर्थ बाजूला ठेवून केवळ उच्चारासाठी ती वापरण्याच्या पद्धतीला याच ग्रंथावरून ‘मान्योगाना’ हे नाव पडले. जपानी वर्णमाला त्यातूनच निघाल्या. व्हिएतनामीत ‘वान’ होता. शिवाय ‘मुओन’ हा त्याचाच जुना, घरचा झालेला अवतार. नोम लिपीत ‘मुओन’ लिहिताना त्यांनी मूळ चिन्हाला ‘मोन’ (दरवाजा) या उच्चाराचे दुसरे चिन्ह जोडले. अर्थ त्या चिन्हात होताच. जोडला तो आवाज. चित्र पुरेसे असते तर ही यातायात कशासाठी?

सर्वांत बोलका पुरावा घोषणांचा. ‘दहा हजार वर्षे’ हा सम्राटाला दिलेला आशीर्वाद, चिनीत ‘वानस्वे’. ११ फेब्रुवारी १८८९ रोजी मेइजी राज्यघटना जाहीर झाली तेव्हा तोक्योच्या विद्यार्थ्यांनी सम्राटासाठी ‘बान्झाय’ पुकारले. १ मार्च १९१९ रोजी कोरियन जनता जपानी सम्राटाच्या सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि ओरडली: ‘मान्से!’ लिहिली तर अक्षरे तीच दोन. चिन्ह अर्थ थेट डोळ्यांना देते असे मानणाऱ्याने सांगावे की त्या दिवशी गोळ्या झेलणाऱ्यांच्या ओठी काय होते. ‘बान्झाय’ म्हणणारा आणि ‘मान्से’ म्हणणारा यांच्यातले अंतर लिपीत नाही, उच्चारात आहे. फेनोलोसा-पाउंडांच्या सिद्धान्ताला या उच्चाराचे काहीच करता येत नाही. आणि ‘ते लोक चित्रांत विचार करतात’ हे त्यावर रचलेले विधान तर काव्यशास्त्राच्या वेषातला शुद्ध पूर्वग्रह आहे. आपल्याविषयी कुणी असे लिहिले असते तर आपण परिसंवाद भरवले असते.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. बुद्धमूर्तीच्या वक्षावरचे स्वस्तिक भारतातून चीनला गेले ते निव्वळ आकृती म्हणून, मंगलचिन्ह म्हणून. परंपरा सांगते की ६९३ साली सम्राज्ञी वू झेत्यान हिने त्याचा उच्चार ठरवून दिला: ‘वान’, सर्व मंगलांचा संचय या अर्थाने. तेव्हापासून चिनी कोशांत ते अक्षर म्हणून नांदते. जपानमध्ये त्याला ‘मान्जी’, म्हणजे ‘मान’ हे अक्षर, म्हणतात आणि तिथल्या नकाशांवर ते बौद्ध मंदिराची खूण असते. चित्र म्हणून ते केव्हाच पोचले होते. कोशात जागा मिळायला मात्र त्या विंचवाकडून आवाज मागून घ्यावा लागला.