वहिवाट म्हणजे कायदा का?

गेल्या पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपून बाहेर पडत होतो. पायरीवर एक ताई थांबलेल्या होत्या. म्हणाल्या, “जय भीम, भाऊ. तुम्ही पेपरात कायद्याचं लिहिता म्हणून विचारते. मुलीचं लग्न ठरलंय. मी म्हणते, लग्न झालं की लगेच नोंदणी करून घेऊ. तर तिचे होणारे सासरे म्हणतात, कशाला कचेरीचे हेलपाटे? बौद्धाचार्यांनी लग्न लावलं, फोटो काढले, झालं. आपल्यात असंच चालत आलंय. त्यांचं खरं का हो?”

मी त्यांना पायरीवरच थोडक्यात उत्तर दिले. पण घरी येताना ते शब्द डोक्यात घोळत राहिले. ‘असंच चालत आलंय.’ वाचकहो, आपल्या समाजाने हे शब्द कितीदा ऐकले आहेत! कायद्याच्या भाषेत याला रूढी किंवा वहिवाट म्हणतात, आणि जगातल्या बहुतेक देशांत ती कायद्याचा एक उगम मानली गेली आहे. म्हणून ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी कायदा येतो तरी कुठून, ते पाहू.

पुष्कळांना वाटते, कायदा म्हणजे सरकारने छापलेले पुस्तक. तसे नाही. इंग्लंडमध्ये शतकानुशतके कायद्याचा मोठा भाग न्यायाधीशांच्या निवाड्यांतून तयार झाला. एका खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने जो नियम घालून दिला, तो पुढच्या खटल्यांत खालच्या न्यायालयांना बांधील. फ्रान्समध्ये क्रांतीपूर्वी उत्तरेकडे प्रांताप्रांताच्या रूढी चालत, दक्षिणेकडे जुना रोमन कायदा. नेपोलियनने १८०४ मध्ये सगळ्या देशासाठी एकच नागरी संहिता केली आणि न्यायाधीशांना बजावले, समोरचा तंटा तोडा, सर्वांसाठी नियम करीत बसू नका. त्याच वळणाची पोर्तुगालची १८६७ ची संहिता १८७० पासून आपल्या शेजारच्या गोव्यात लागू झाली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी विवाहासारख्या बाबतीत तिचा पाया तिथे टिकून आहे. आपल्याकडे इंग्रजांमुळे इंग्लंडचे वळण आले. त्यामुळे आपल्या न्यायालयात तीन गोष्टी पुढे येतात : विधिमंडळाने केलेला कायदा, वरच्या न्यायालयाचा निवाडा आणि रूढी. पूर्वी चौथी गोष्टही होती, ती म्हणजे धर्मशास्त्र. तिच्याकडे नंतर येतो.

रूढी कोर्टात कशी उभी राहते आणि कशी पडते, हे शिकायचे तर महाडसारखा धडा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा फार थोड्यांना ठाऊक असतो.

मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला होता : सरकारी पैशाने बांधलेली वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे! सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, इतके ते सोपे होते. पुढे डिसेंबरमध्ये महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. वादी ते, प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो माणसे जमलेली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला आणि लढाई कोर्टात नेली.

वादींचे म्हणणे काय होते? एक, तळे आमच्या मालकीचे. दोन, अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचे नाही ही प्राचीन वहिवाट आहे. म्हणजे सासरेबुवांचेच शब्द, असंच चालत आलंय.

आता इंग्लंडच्या कायद्यात स्थानिक रूढीला कसोट्या असतात. ती निश्चित हवी, अखंड हवी, वाजवी हवी आणि अनादी काळापासूनची हवी. ‘अनादी’ची तर इंग्रजांनी तारीखच ठरवून टाकली होती : रिचर्ड राजा गादीवर आला ते ११८९ साल! अर्थात इतके मागचे कोणी दाखवू शकत नाही. माणसांच्या आठवणीतला पुरावा देतात आणि त्यावरून जुनेपणाचा तर्क करतात. तो तर्क समोरच्याने मोडून काढला की रूढी गेली.

महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये वादींचा दावा फेटाळला. वहिवाट होती असे दिसते, पण तेवढ्याने दुसऱ्याला अडवण्याचा हक्क मिळत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. १९३३ मध्ये ठाण्याचे अपील फेटाळले गेले. तिथे तर वहिवाट अनादी असल्याचेच सिद्ध झाले नाही. शेवटी मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी तेच मत कायम केले. (१९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच.) तळे नगरपालिकेचे ठरले आणि वहिवाट पुराव्याअभावी पडली.

आपण जिंकलो. पण निकाल नीट वाचला तर मनाला एक गोष्ट टोचते. माणसाला पाणी नाकारणारी रूढी अन्यायाची आहे म्हणून ती पडली नाही. ती पुरेशी जुनी असल्याचे वादींना दाखवता आले नाही, म्हणून पडली. उद्या दुसऱ्या गावच्या लोकांनी कसलेला पुरावा आणला असता तर? निवाडा आपल्या बाजूने लागला तरी कायदा आपल्या बाजूचा नव्हता, आणि बाबासाहेब बॅरिस्टर होते, त्यांना हे आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

शास्त्राचेही तसेच. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात ठरले की हिंदूंचे विवाह, वारसा यांचे तंटे शास्त्राप्रमाणे तोडायचे. मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर १७९४ मध्ये निघाले ते न्यायाधीशांच्या सोयीसाठीच. पुढे १८६८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मदुरेच्या खटल्यात सांगितले की स्पष्ट सिद्ध झालेली रूढी शास्त्रवचनापेक्षा वरचढ. म्हणजे एकीकडे शास्त्र, दुसरीकडे रूढी, आणि आपण मध्ये. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ती नुसती जुनी पोथी नव्हती, इंग्रजी कोर्टात चालणारा आधार होता.

म्हणूनच घटनेचे तेरावे कलम मला फार मोलाचे वाटते. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता रद्द, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाटही येते, असे तिथे लिहून ठेवले आहे. पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी घातले. सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली. आता रूढी किती जुनी हे विचारायचे कारण उरले नाही.

वर्गही बदलला. महाडचा तंटा दिवाणी होता, माणसाविरुद्ध माणूस, खर्च ज्याचा त्याने करायचा. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने (१९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो) पाणवठ्यावर अडवणे हा गुन्हा केला. गुन्हा म्हटला की फौजदारी, तिथे खटला सरकार चालवते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही फौजदारीच. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हे खास कायदे आपल्या जागी आहेत. जातपंचायतीच्या ‘नियमां’बद्दल कोणी धमकावले तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता ताईंचे लग्न. गंमत अशी की इथे रूढी आपल्या कामाची आहे! १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. नाव अनेकांना खटकते, मलाही खटकते, पण तो लागू आहे. आपण धम्मदीक्षा घेतली १९५६ मध्ये, त्याच्या आधीच त्यात ‘बौद्ध’ शब्द होता. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विवाह वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढ विधींनी लागला पाहिजे. सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही, जिथे तो रूढ विधीचा भाग आहे तिथेच. आणि रूढी म्हणजे काय, तर बराच काळ, अखंड, सारखेपणाने पाळलेला नियम, जो वाजवी असेल. ‘अनादी’ शब्द तिथे नाही. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पमाला हा आपला विधी गेली जवळजवळ सत्तर वर्षे चालू आहे. माझ्या मते तो या व्याख्येत बसतो. पण कोर्टात रूढी सांगणाऱ्यालाच सिद्ध करावी लागते, हे महाडने शिकवले आहे. म्हणून दरवेळी मोजका विधी, पण पुरा करावा. कोणी घाईत नुसते हार घालून मोकळे होऊ नये.

नोंदणीचे काय? ती नसली म्हणून विवाह रद्द होत नाही, इतके सासरेबुवांचे खरे. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले, आणि महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहेच. उलट, २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की विधी न करता नुसते प्रमाणपत्र आणले तर हिंदू विवाह कायद्याखाली तो विवाह नव्हे. म्हणजे दोन्ही हवे. ज्यांना विधीचा प्रश्नच नको, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तिथे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि विवाह अधिकाऱ्यापुढे विवाह होतो.

नवरा गेल्यावर निवृत्तिवेतनासाठी, फंडासाठी, खोलीच्या नावासाठी लग्नाचा पुरावा मागत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एका कचेरीत एका वहिनींना लग्नाच्या फोटोतला माणूस हाच तुमचा नवरा कशावरून, असे विचारले होते. पस्तीस वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न!

तेव्हा ताई, लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्या. उशीर झाला तरी नोंद होते, पण दंड भरावा लागतो. वयाचे आणि राहण्याचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो, लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही आणि तीन साक्षीदार लागतील. त्या तिघांत होणाऱ्या सासऱ्यांचे नाव सगळ्यात आधी घाला.