काखेतला कळसा

1984 सालची गोष्ट. धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते आणि मी परंड्याच्या बाजूच्या एका बँकशाखेत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस म्हणजे काउंटरपुढे माणसांची भिंत. माझ्या टेबलावर व्हाउचरांचा ढीग साचे. हाताला येईल ते व्हाउचर घ्यायचे, त्या खात्याचे जाडजूड लेजर कपाटातून आणायचे, नोंद करायची, लेजर परत ठेवायचे आणि पुढचे व्हाउचर उचलायचे, असा माझा प्रामाणिक क्रम होता. चार वाजेपर्यंत पायांचे तुकडे पडत. शेजारचे हेडक्लार्क मात्र खुर्चीतून क्वचितच उठत, आणि त्यांचे काम माझ्या दुप्पट होई.

एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावले. "अरे बाबा, तू पोस्टिंग करतोस का पंढरीची वारी? आधी व्हाउचरं लेजरवार लाव. एक लेजर एकदाच उचल, त्यातली सगळी खाती उरक, मग दुसऱ्याला हात घाल."

त्या दिवसापासून मी दोन तास आधी घरी जाऊ लागलो. पेन तेच, लेजरे तीच, कारकूनही तोच. फक्त कामाचा क्रम बदलला होता.

हा प्रसंग मी विसरलो होतो. आठवण करून दिली ती माझ्या भाचीने. ती पुण्यात संगणक अभियंता आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा मी सहज विचारले, "तू नेमके करतेस तरी काय?" ती म्हणाली, "मामा, दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम मी जलद करते." मला हसू आले. म्हटले, "त्यात काय? दोन वर्षांनी नवे यंत्र घ्यायचे, आपोआप जलद होईल." त्यावर तिने जे सांगितले ते ऐकताना मला आमचे हेडक्लार्क डोळ्यांपुढे दिसू लागले.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बेरीज-वजाबाकी निमिषात करतो; त्याचा वेळ जातो तो आकडे आणण्यात. त्याच्या अगदी हाताशी एक छोटा साठा असतो, त्याला कॅश म्हणतात. आमच्या कॅशियरच्या कॅशशी तिचा संबंध नाही; पण दोन्ही हाताशी असलेल्या बऱ्या! या साठ्यातून आकडा यायला सुमारे एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश भाग लागतो. मुख्य मेमरीतून आणायचा तर सुमारे शंभर नॅनोसेकंद. माणसाच्या मापाने सांगायचे तर, टेबलावरचे लेजर उघडायला एक सेकंद लागत असेल, तर कपाटातले आणायला पावणेदोन मिनिटे जातात. कारकून कितीही चपळ असो, दर नोंदीला कपाटाकडे पळत असेल तर त्याची चपळाई काय कामाची?

आणखी एक गंमत आहे. प्रोसेसर एक आकडा मागतो, तेव्हा मेमरीतून एकच येत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांत 64 बाइटांचा गठ्ठा येतो, म्हणजे मोठे आठ आकडे. शहाणा प्रोग्रॅम ते आठही लगोलग वापरतो. अडाणी प्रोग्रॅम त्यातला एक घेतो, दुसरीकडे उडी मारतो, आणि उरलेल्या सातांसाठी पुन्हा हेलपाटे घालतो. हजार ओळी आणि हजार रकाने असलेल्या तक्त्याची बेरीज आडवी केली काय नि उभी केली काय, उत्तर एकच. पण लागणाऱ्या वेळात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण प्रोसेसरसाठीच केली असावी असे मला वाटू लागले आहे.

नव्या यंत्राने सगळे आपोआप जलद होईल, ही माझी समजूतही जुनी निघाली. एकेकाळी ती खरी होती. पण 2004-05 च्या सुमारास प्रोसेसरचा ठोका आणखी वाढवला की चिप भाजून निघते, अशी वेळ आली. मग कंपन्यांनी एका चिपमध्ये दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. म्हणजे कारकून जास्त चपळ झाला नाही, कारकुनांची संख्या वाढली. आणि कारकून वाढले की काय होते, हे बँकवाल्याला कोणी सांगायला नको. दोघांना दोन निरनिराळ्या खात्यांत नोंद करायची असते, पण दोन्ही खाती एकाच लेजरात! मग ते लेजर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते आणि दोघेही खोळंबतात. भाचीने सांगितले, प्रोसेसरांतही हुबेहूब हेच होते. त्यावरचा उपायही आमचाच, दोन खाती दोन वेगळ्या लेजरांत ठेवणे.

आता कोणी म्हणेल, नॅनोसेकंदाच्या या हिशेबाशी धाराशिवच्या माणसाला काय करायचे आहे? त्यासाठी पुण्याला जावे लागेल.

1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिका आपल्याला अतिप्रगत महासंगणक द्यायला तयार नव्हती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपून 1991 मध्ये 'परम 8000' उभा केला. तेव्हाही खरे कसब प्रोसेसर जोडण्याइतकेच, काम त्यांच्यात कसे वाटायचे यात होते. त्याची क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिते इतकी होती. 2024 मध्ये पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला, त्याची क्षमता याच्या एक कोटी पटींहून अधिक आहे. 26 मे 2025 रोजी याच संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' देशाला मिळाली. पूर्वी हवामानाचा अंदाज 12 किलोमीटरच्या चौकोनांत केला जाई, तो आता 6 किलोमीटरच्या चौकोनांत होतो.

हे ऐकायला निम्मे वाटते, पण हिशेब मांडून पाहा. लांबीत दुप्पट चौकोन, रुंदीत दुप्पट, म्हणजे चौपट झाले. शिवाय चौकोन लहान झाला की गणिताची पावलेही वेळेत निम्मी टाकावी लागतात. एकूण काम आठपट. 3 किलोमीटरवर जायचे तर पुन्हा आठपट. दर वेळी आठपट यंत्र कोण विकत घेणार? त्यातून हवामानाचे गणित म्हणजे आकड्यांची प्रचंड ने-आण. यंत्राचा कागदावरचा वेग आणि त्याला प्रत्यक्षात साधणारा वेग यांत बहुधा फार मोठे अंतर असते. ते जितके कमी होईल, तितका अंदाज बारीक आणि लवकर हाती येईल. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या जिल्ह्यात काय झाले, ते सर्वांनी पाहिले. अवर्षणासाठी ओळखला जाणारा हा मुलूख पाण्याखाली गेला. परंडा तालुक्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. माझ्या धाकट्या भावाचे शेत सीनेच्या काठाजवळ आहे. काढणीला आलेले सोयाबीन गेले, ते गेलेच. पण रात्रीतून पाणी चढले आणि दोन गाई दाव्यालाच राहिल्या. सोयाबीनचे त्याने नाव काढले नाही. म्हणाला, "दादा, दोन तास आधी कळलं असतं तर दावी तरी सोडली असती."

अंदाज बारीक झाला म्हणून सीना थांबली असती असे मी म्हणत नाही. अंदाज करणे आणि तो बांधावरच्या माणसापर्यंत पोहोचवणे यांत अजून पुष्कळ पायऱ्या आहेत. पण त्या प्रत्येक पायरीवर वेळ मोजला जातो, आणि 'दोन तास' या शब्दांचा अर्थ मला आता वेगळा कळतो.

शेवटची पायरी म्हणजे भावाच्या खिशातला फोन. तो पाच वर्षांपूर्वीचा, स्वस्तातला आहे. मध्यंतरी नुकसानीचा एक अर्ज त्याला फोनवर भरायचा होता. अ‍ॅप उघडायला इतका वेळ घेई, की तोवर रेंज जाई. ज्याने ते लिहिले, त्याच्या टेबलावर नवेकोरे यंत्र असणार. त्याला ते झटकन उघडताना दिसले असणार. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच बजावले होते, की यंत्रे जितक्या वेगाने जलद होत आहेत, त्याहून अधिक वेगाने प्रोग्रॅम सुस्त होत आहेत. ती सुस्ती लिहिणाऱ्याला जाणवत नाही. तिचे व्याज भरतो तो जुना फोन घेऊन बांधावर उभा असलेला माणूस.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. यंत्र स्वस्त आहे, माणसाचा वेळ महाग, असे व्यवस्थापक म्हणतात. शिवाय जलद करण्याच्या नादात प्रोग्रॅम इतका गुंतागुंतीचा होतो, की दुसऱ्याला कळत नाही. आमच्या शाखेत असा एक हुशार कारकून होता. त्याने स्वतःच्या खुणा, स्वतःचे शॉर्टकट काढले होते. त्याची बदली झाली आणि ती सहामाही जुळवायला आम्हाला आठ रात्री जागवल्या. भाचीचाही नियम हाच, की आधी मोजायचे, वेळ नेमका कुठे जातो ते शोधायचे, तेवढीच जागा सुधारायची आणि बाकीचे साधे, सरळ ठेवायचे. आमचे हेडक्लार्क तरी दुसरे काय करत होते?

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. जनतेसाठी अ‍ॅप विकत घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने करारात एक अट घालावी, की ते पाच वर्षे जुन्या, स्वस्त फोनवर, गावातल्या रेंजमध्ये चालवून दाखवा आणि मगच बिल घ्या. आणि आमच्या जिल्ह्यातली जी मुले संगणक शिकायला पुण्या-सोलापूरला जातात, त्यांना प्रोग्रॅम चालतो की नाही एवढेच न विचारता, तो किती हेलपाटे घालतो हेही त्यांच्या गुरुजनांनी विचारावे.

भाची परत निघाली तेव्हा मी तिला हेडक्लार्कांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, हे त्यांना कोणी शिकवलं होतं?" मी म्हटले, "कोणी नाही गं. त्यांचे पाय दुखत होते."