स्मॉलटॉक मुक्त झाली ती नेमकी कधी?

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक धडा मिळतो : हकीकत काहीही सांगो, आधी मूळ कागद पाहावा. आज तो धडा एका संगणकभाषेला लावून पाहू.

२/ १९७०च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक घडवली. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्यावर स्वतः काही रचावे, हा त्यामागचा ध्यास होता.

३/ १९९६मध्ये के आणि इंगल्स यांच्या चमूने अ‍ॅपलमध्ये असताना ‘स्क्वीक’ ही तिची आवृत्ती मूळ संहितेसह सर्वांसाठी खुली केली. बहुतेक हकिकती इथेच ‘मुक्त झाली’ म्हणून थांबतात. माझ्या मते ही घाई आहे.

४/ कारण परवान्याचा कागद वेगळे सांगतो. त्यात अ‍ॅपलच्या टंकांविषयी निराळ्या अटी होत्या. अ‍ॅपलवर दावा झाल्यास भरपाईचा भारही वापरणाऱ्यावर होता. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचे काटेकोर पुरस्कर्ते तिला आपल्या पंक्तीत घेईनात.

५/ पेच सुटला तो मुलांमुळेच. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाच्या संगणकात स्क्वीकवर उभे असलेले ‘ईटॉइज’ द्यायचे, तर परवाना निर्वेध हवा. २००६मध्ये अ‍ॅपलने मूळ भाग नव्या परवान्याखाली दिला. नंतर ज्यांनी ज्यांनी भर घातली होती, त्यांना गाठून संमती मागितली गेली. जिथे ती मिळाली नाही, तिथली संहिता वगळली किंवा नव्याने लिहिली. २०१०ची स्क्वीक ४.० ही या खटाटोपाची परिणती.

६/ ते लॅपटॉप २००७मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातील एका धनगरवाड्यावरील शाळेतही पोहोचले. त्याच वर्षी स्क्वीकमध्ये लिहिलेले ‘स्क्रॅच’ जगापुढे आले. २००८मध्ये स्क्वीकमधून ‘फारो’ ही शाखा फुटली. ती आज संशोधनात, अध्यापनात आणि उद्योगांतही वापरली जाते.

७/ ‘स्क्रॅचनेही पुढे स्क्वीक सोडलीच की,’ असा आक्षेप येईल. खरे आहे. पण स्मॉलटॉकचे यश बाजारातील वाट्यावर मोजणे म्हणजे नदीचे मोल होडीच्या भाड्यावरून ठरवणे.

८/ म्हणून माझे उत्तर १९९६ नव्हे, २०१०. इनाम तोंडी जाहीर झाले, तरी सनद हाती पडेपर्यंत जमीन आपली होत नाही. संहिता खुली करणाऱ्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. ती सनद पुरी व्हावी म्हणून चौदा वर्षांच्या कागदांचा माग काढणाऱ्यांनाही इतिहासात जागा मिळायला हवी.