मुक्यांची फिर्याद

घरच्या कुत्र्यास उपाशी ठेवले, बैलास निर्दयपणे बडविले, अथवा भाकड गाय उपासमारीच्या तोंडी सोडून दिली, तर आपला कायदा त्या माणसास काय शिक्षा देतो? पहिल्या अपराधास कमीत कमी 10 व जास्तीत जास्त 50 रुपये दंड! तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा केला, तर 25 ते 100 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने ठरविलेले हे दर आहेत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या कायद्यासाठी आग्रह धरला, त्याची ही दशा व्हावी, ही खेदाची गोष्ट होय. त्या काळी 50 रुपयांस वजन होते. आज तेवढ्या पैशांत अपराध्याच्या कपाळास आठीदेखील पडणार नाही.

या व्यवस्थेतील विसंगती पाहावयाची तर गोंदिया जिल्ह्यातील सौंदडसारख्या गावाकडे पाहावे. सडक-अर्जुनी तालुक्यातले हे गाव झाडीपट्टीच्या धानाच्या मुलुखातले आहे. या मुलुखात धान घरी आल्यावर गावोगावी शंकरपट भरतात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली. या दुरुस्तीनुसार, शर्यतीत बैलाचा छळ झाल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पटाच्या दिवशी बैलाच्या पाठीवर उठलेला वळ 5 लाखांचा, आणि तोच वळ दुसऱ्या दिवशी गोठ्यात उठला तर 50 रुपयांचा! बैल तोच, पाठ तीच व वेदनाही तीच. न्याय मात्र जागा पाहून बदलतो.

दंड अल्प आहे एवढेच दुखणे नाही. न्यायाचे दारही अर्धे बंद आहे. मारहाण, उपासमार व टाकून देणे हे अपराध 1960 च्या कायद्याने अदखलपात्र ठेवले आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांस तपास करता येत नाही. शिवाय अपराध घडल्यापासून तीन महिने लोटले की खटलाच भरता येत नाही. सौंदडच्या एखाद्या शेजाऱ्याने साखळीस बांधून उपाशी ठेवलेल्या कुत्र्यासाठी ठाण्याची पायरी चढावी, तर त्यास हात हलवीत परतावे लागण्याचाच संभव अधिक. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाने प्राण्यास ठार वा पंगू करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, व जुन्या दंडविधानातील प्राण्याच्या किमतीची अटही काढून टाकली आहे. या सुधारणेचे आम्ही स्वागत करतो. परंतु त्या कलमाचा पाया कोणाच्या तरी नुकसानीचा आहे. छळणारा स्वतः धनीच असेल, तर नुकसान कोणाचे म्हणावयाचे? तेथे बहुधा पुन्हा 50 रुपयांशीच गाठ पडते.

माणसांनाच न्याय मिळत नाही, मग जनावरांचे कौतुक कशाला, असा प्रश्न काही जण करतील. आम्हांस तो मान्य नाही. प्रतिकार करू न शकणाऱ्यावर हात उगारण्याची सवय गोठ्यापुरती राहत नाही. भूतदया हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून 1976 साली संविधानात लिहिले गेले, ते उगाच नव्हे.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावी असा नियम 2001 सालीच झाला आहे. मुंबईस अशी संस्था 1874 पासून आहे व परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिच्याच छत्राखाली उभे राहिले. गोंदियासारख्या जिल्ह्यात ही संस्था कागदावर न राहता तालुक्यापर्यंत पोचली पाहिजे. दुसरी गोष्ट, गावच्या पशुवैद्याचा दाखला त्वरित मिळाला पाहिजे, कारण मुक्या फिर्यादीची जबानी म्हणजे त्याच्या अंगावरील जखमाच होत. तिसरी गोष्ट, संसदेने हे अपराध दखलपात्र करावेत व दंडास अर्थ आणावा. अपराध सिद्ध झाल्यावर जनावर धन्याकडून काढून घेण्याचा न्यायालयास असलेला अधिकारही अधिक वेळा वापरला जावा.

आमच्या शहरी वाचकांनी मात्र हे खेड्याचे पाप समजून निश्चिंत राहू नये. 2020 साली केवळ अफवेवर विश्वास ठेवून घरची कुत्री-मांजरे रस्त्यावर सोडणारे पुष्कळसे सुशिक्षितच होते. गच्चीत उन्हात बांधलेले कुत्रे शेजारच्या घरातूनही दिसते. परंतु संबंध बिघडतील म्हणून आपण खिडकी लावून घेतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे शेकतो, त्यात वर्षभराच्या ऋणाची कबुली असते. आपण मात्र आपल्या आधाराने जगणाऱ्या जिवांचे ऋण 50 रुपयांत फेडू पाहतो. संसद कायदा बदलील तेव्हा बदलो. ती खिडकी उघडण्यास कोणत्याही आदेशाची आवश्यकता नाही.