घोटभर पाण्याची भीती

नांदेडहून लातूरला निघायचं म्हटलं की आमच्या घरातल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. का, तर वाटेत जायला धड जागा नाही! मग लघवीची जळजळ, गोळ्या, अन् दोन महिन्यांनी पुन्हा तेच. वर "स्वच्छता पाळा" हा उपदेश. अहो, बाईचा मूत्रमार्गच आखूड; आतड्यातले जंतू तिथून सहज वर चढतात. पाणी कमी पिणाऱ्या, वारंवार हा त्रास होणाऱ्या बायकांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना हे दुखणं इतरांच्या जवळजवळ निम्म्यानेच झालं. म्हणजे औषध साधं पाणीच! २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणता आलं. मग वाटेत बायकांसाठी कडी लागणारं, नळाला पाणी असलेलं स्वच्छतागृह का जमू नये?