पुढचे विमान चुकले, तर जबाबदार कोण?

गेल्या हिवाळ्यात दिल्लीला परतताना युरोपातील एका मोठ्या विमानतळावर मला सहा तास थांबावे लागले. तेथे लुधियानाचे एक वृद्ध दाम्पत्य भेटले. दोघे टोरांटोला, मुलाकडे निघाले होते. त्यांचे दिल्लीहून आलेले विमान अडीच तास उशिरा उतरले आणि टोरांटोचे विमान तोवर निघून गेले होते. काउंटरवरील तरुणीने त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशीचे बोर्डिंग पास आणि जेवणाची कुपने ठेवली. मुक्कामासाठी हॉटेलही देऊ केले. पण हॉटेल इमिग्रेशनच्या पलीकडे होते आणि या दोघांकडे कॅनडाचा व्हिसा होता, शेंगेनचा नव्हता. त्यामुळे रात्र ट्रान्झिट विभागातील खुर्च्यांवरच काढावी लागणार होती. आजोबांची मधुमेहाची औषधे होती, पण ती दिल्लीत जमा केलेल्या बॅगेत. मी दुभाष्याचे काम करत असताना आजी मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, “भाईसाहब, आमची बॅग आता कुठे असेल?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि त्या तरुणीकडेही नव्हते.

विमानतळाचे किंवा विमान कंपनीचे नाव येथे गौण आहे, कारण माझ्या माहितीप्रमाणे तेथे कोणीही नियम मोडला नव्हता. कंपनीने पुढची आसने दिली, सीमा पोलिसांनी कायदा पाळला, काउंटरवरील तरुणी सौजन्याने वागली. तरीही सत्तरीतली दोन माणसे औषधांविना, सामानाविना चोवीस तास एका काचेच्या दालनात अडकली. सर्वांनी नियम पाळूनही असे घडत असेल, तर दोष नियमांच्या रचनेत शोधावा लागतो. ती रचना समजून घेतल्याशिवाय भारतात हब विमानतळ उभारण्याच्या आपल्या महत्त्वाकांक्षेचे मूल्यमापन करता येणार नाही.

हब म्हणजे काय, हे पाहण्यासाठी फ्रँकफर्टचे उदाहरण घेऊ. फ्रँकफर्ट शहराची लोकसंख्या जेमतेम साडेसात लाख. या विमानतळाने मात्र २०१९ मध्ये सात कोटींहून अधिक प्रवासी हाताळले. त्यांतील साधारण निम्मे प्रवासी फ्रँकफर्टला आलेच नव्हते. ते तेथे केवळ विमान बदलत होते. वर्षानुवर्षे या विमानतळाने ४५ मिनिटांत विमान बदलून देण्याचा लौकिक जपला आहे. एवढ्या वेळात प्रवाशाला एका दालनातून दुसऱ्या दालनात जायचे असते आणि त्याची बॅग सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या स्वयंचलित पट्ट्यांच्या जाळ्यातून नेमक्या विमानापर्यंत पोहोचायची असते. हे साधते ते वेळापत्रकाच्या आखणीमुळे. विमाने लाटांसारखी येतात आणि लाटांसारखी निघतात. एका लाटेने आणलेले प्रवासी पुढच्या लाटेत वाटले जातात.

या लाटांचा भारताशी थेट संबंध आहे. दिल्ली किंवा मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर का निघतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे एक मोठे कारण असे की, ती पहाटे युरोपात पोहोचली, तरच प्रवाशांना सकाळी आणि दुपारी अटलांटिकपार जाणारी विमाने गाठता येतात. शिवाय परिसरातील रहिवाशांच्या झोपेसाठी फ्रँकफर्टमध्ये २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियमित उड्डाणे आणि उतरणे बंद आहे. म्हणजे तेथील नागरिकांच्या रात्रीला कायद्याचे संरक्षण आहे आणि आपल्या प्रवाशांची रात्र त्या वेळापत्रकाशी जुळवून घेते. यात तक्रारीचे कारण नाही. जो हब चालवतो, तोच घड्याळ ठरवतो. मात्र ४५ मिनिटांच्या हिशेबात अडीच तासांचा उशीर बसत नाही. त्या उशिराची किंमत कोणी मोजायची, हा खरा प्रश्न आहे.

तेथे पोहोचलेल्या प्रत्येक प्रवाशाला सारखेच नियम लागू होत नाहीत. युरोपीय संघाच्या एका देशातून दुसऱ्या देशात आलेल्या प्रवाशाची सुरक्षा तपासणी पुन्हा होत नाही, कारण तेथील सर्व विमानतळ समान मानके पाळतात. अमेरिका, कॅनडा, सिंगापूर अशा काही देशांच्या तपासणीलाही संघाने मान्यता दिली आहे. भारताच्या तपासणीला तशी मान्यता नाही. त्यामुळे दिल्लीत कसून तपासणी झालेला प्रवासी युरोपात पुन्हा रांगेत उभा राहतो आणि ४५ मिनिटांतील मौल्यवान मिनिटे तेथे खर्ची पडतात. व्हिसाचेही तसेच. जर्मनीत केवळ विमान बदलण्यासाठीही भारतीय पासपोर्टधारकांना वर्षानुवर्षे ट्रान्झिट व्हिसा लागत असे. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असणाऱ्यांना त्यातून सूट होती. जानेवारी २०२६ मध्ये चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्झ भारतभेटीवर आले, तेव्हा ही अट काढून टाकण्याची घोषणा झाली. तिचे स्वागतच केले पाहिजे. पण त्या लुधियानाच्या दाम्पत्याला तिचा काय उपयोग झाला असता? ट्रान्झिटची मुभा त्यांना होतीच. अडचण आली ती ट्रान्झिट फसल्यानंतर. प्रवास सुरळीत चालला असता पुरेशी असलेली ही मुभा तो विस्कळीत होताच अपुरी पडते.

आता नुकसानभरपाईचा प्रश्न. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा विनियम प्रवाशांच्या हक्कांचा आदर्श मानला जातो. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्वाळा दिला की, जोडप्रवासात उशीर मोजायचा तो अंतिम मुक्कामी. पहिले विमान थोडेच उशिरा आले, पण त्यामुळे पुढचे चुकून प्रवासी तीन तास वा त्याहून अधिक उशिरा पोहोचला, तर भरपाई देय होते. लांबच्या प्रवासासाठी ती ६०० युरोपर्यंत जाते. हे तत्त्व न्याय्य आहे, कारण प्रवाशाने तिकीट घेतलेले असते ते टोरांटोचे, मधल्या विमानतळाचे नव्हे.

मात्र २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने या हक्काची सीमाही आखून दिली. प्रवासाचा आरंभ आणि शेवट दोन्ही संघाबाहेर असतील आणि केवळ विमान बदलण्याचे ठिकाण संघात असेल, तर हा विनियम लागू होत नाही. दिल्लीहून युरोपमार्गे टोरांटोला जाणारा प्रवासी नेमका याच वर्गात मोडतो. प्रागहून आलेल्या प्रवाशाचे तेच टोरांटोचे विमान कंपनीच्या दोषामुळे चुकले, तर त्याला ६०० युरो मागता येतात. दिल्लीहून आलेल्याला तसे मागता येत नाहीत. त्याच्यासाठी उरतो १९९९ चा माँट्रियल करार, जो भारतानेही २००९ मध्ये स्वीकारला. त्यात उशिराची जबाबदारी आहे, पण झालेले नुकसान प्रवाशाला सिद्ध करावे लागते. काचेच्या दालनात काढलेल्या रात्रीची पावती कोठे मिळते?

यासाठी युरोपीय न्यायालयाला दोष देऊन उपयोग नाही. युरोपचा कायदा युरोपने आपल्या बाजारासाठी केला आहे. भारतातून निघणाऱ्या प्रवाशाचे संरक्षण करणे हे प्रथम भारताचे काम. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत विमान रद्द झाल्यास किंवा आसन नाकारल्यास ठरावीक परिस्थितीत भरपाई आहे. उशीर झाल्यास मात्र अल्पोपाहार, पर्यायी विमान किंवा परतावा आणि फार लांबला तर मुक्काम, एवढ्यावरच नियम थांबतात. निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई नाही.

आपण हब व्हायचे म्हणतो, तेव्हा याच मुद्द्यांवर आपलीही परीक्षा होणार आहे. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे प्रागला जाणाऱ्या प्रवाशाचा पासपोर्ट फ्रँकफर्टला तपासला जातो, पण जमा केलेले सामान थेट प्रागला जाते आणि त्याची कस्टम्स तपासणी तेथे होते. याउलट, परदेशातून दिल्लीमार्गे पाटण्याला निघालेल्या प्रवाशाला सर्वसाधारणपणे दिल्लीतच पट्ट्यावरून सामान उचलून कस्टम्समधून बाहेर यावे लागते आणि ते पुन्हा जमा करावे लागते. पुढचे विमान टर्मिनल एकवरून असेल, तर टर्मिनल तीनपासून कित्येक किलोमीटरचा रस्ता कापावा लागतो. आपली टर्मिनल्स भव्य आहेत. त्यांना जोडणारी कार्यपद्धती मात्र अजून तुकड्यातुकड्यांची आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. मुंबईची कोंडी पाहता या विमानतळाची गरज वादातीत होती. पण एका महानगराचे दोन विमानतळ झाले की कोणती उड्डाणे कोठून, हा निर्णय केवळ धावपट्टीवरील जागेचा राहत नाही. या बाबतीत मिलानचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९८ मध्ये शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटरवरील मालपेन्साला हब करण्याचे ठरले, पण शहराजवळचे लिनाते चालूच राहिले. अनेक प्रवासी लिनातेहून थेट फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला जाऊन तेथून पुढचे विमान पकडत राहिले. वाहतूक विभागली गेली आणि २००८ मध्ये अलितालियाने मालपेन्सातील आपली बहुतेक लांब पल्ल्याची उड्डाणे काढून घेतली. नागपूर किंवा गोव्याहून एका विमानतळावर उतरायचे आणि लंडनचे विमान खाडीपलीकडच्या दुसऱ्या विमानतळावरून धरायचे, अशी वेळ आली तर प्रवासी मुंबई टाळून दुबई किंवा दोहामार्गे जातील.

भरपाईचे नियम कडक केले तर भाडी वाढतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण उशिराचा खर्च आजही होतोच. फरक इतकाच की तो वेळापत्रक आखणाऱ्या कंपनीऐवजी ते बदलण्याची कोणतीही शक्ती नसलेल्या प्रवाशावर पडतो. दोन विमानांमधील वेळ पन्नास मिनिटे ठेवायची की दोन तास, हे कंपनी ठरवते आणि कमी वेळाचे तिकीट आकर्षक म्हणून विकते. धोक्याचा काही वाटा तिने उचलला, तर ती वेळ अधिक जबाबदारीने ठरवेल.

म्हणून चार गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. भारतातून निघणाऱ्या एका तिकिटावरील जोडप्रवासात उशीर अंतिम मुक्कामी मोजला जाईल, असा नियम महासंचालनालयाने करावा. सुरक्षा तपासणीच्या परस्पर मान्यतेसाठी केंद्र सरकारने युरोपीय संघाशी वाटाघाटी कराव्यात आणि कंपनीच्या उशिरामुळे अडकलेल्या प्रवाशाला एका रात्रीपुरता प्रवेश मिळावा, हा विषयही त्यांत आणावा. देशांतर्गत शेवटच्या विमानतळावर कस्टम्स तपासणीची सोय टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक करावी. आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांना, दोन स्वतंत्र तिकिटे जोडून विकताना, पुढचे विमान चुकल्यास कोणतीही हमी नाही आणि मध्ये सामान उचलावे लागल्यास त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, हे प्रवाशाच्या भाषेत ठळकपणे सांगण्याची सक्ती करावी.

माझे विमान त्या रात्री वेळेवर निघाले. निघताना आजोबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आजींनी शाल दोघांच्या गुडघ्यांवर पसरली होती. औषधांसाठी विमानतळावरील डॉक्टरला बोलावले होते, तो अजून यायचा होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा संदेश आला: दोघे सुखरूप पोहोचले, बॅग अजून आलेली नाही. परदेशात स्थायिक झालेल्या मुलांना भेटायला अशी हजारो आई-वडील मंडळी इंग्रजीचा आधार नसताना, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन एकेक फलक वाचत या विमानतळांतून जातात. भारताने उद्या उभारलेले हब यशस्वी झाले की नाही, हे या दोघांसारखे प्रवासी तेथे अडकले असता त्यांचे काय होते, यावरून ठरवावे.